नोटरीचा शिक्का आणि कुळकायद्याची जमीन

तालुक्याच्या गांवीं बाजाराच्या दिवशीं कचेरीच्या आवारांत गेलें असतां नोटरीच्या मेजाभोंवतीं शेतकऱ्यांचा घोळका हटकून दिसतो. कोणास प्रतिज्ञापत्र करावयाचें असतें, कोणास वाटणीचा कागद, तर कोणास चक्क जमिनीचें खरेदीखत. मुद्रांकावर मजकूर लिहून झाला, दोघांच्या सह्या झाल्या, खालीं गोल शिक्का उठला, वहींत अंगठा दिला, कीं व्यवहार पुरा झाला असें समजून मंडळी चहाला जातात. आमच्या मतें या समजुतीनें जितके तंटे उभे केले आहेत तितके बांध कोरण्यानेंही केले नसतील. त्यांतही कुळकायद्यानें कुळाच्या मालकीच्या झालेल्या जमिनींच्या बाबतींत हा समज फारच महाग पडतो. यास्तव अशा जमिनींच्या करारांत नोटरीचें कर्तव्य कोठवर जातें, आणि करार करणाऱ्या उभय पक्षांचें कर्तव्य कोठून सुरू होतें, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

सन २०१६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हां तहसील कचेरींत कारकून होतों. एक वयस्क शेतकरी प्लास्टिकच्या पिशवींत जपून ठेवलेला कागद घेऊन आमच्या मेजापाशीं आले. कागद २००८ सालचा होता. एक एकराचा सबंध गट त्यांनीं विकत घेतला होता, किंमत रोख मोजून दिली होती, आणि तेव्हांपासून ते जमीन कसत होते. विकणाऱ्याच्या वडिलांस ती जमीन कुळकायद्यान्वयें मिळालेली होती. वरिष्ठांच्या परवानगीची कटकट नको, म्हणून उभयतांनीं नोटरीपुढें ‘कायम खरेदीखत’ असा मथळा घालून कागद केला. पुढें विकणारा वारला. दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी यांचीं नांवें वारसांच्या फेरफारानें सातबाऱ्यावर लागलीं. मुलगे म्हणत, बापाचा शब्द आम्ही मोडणार नाहीं. मुलगी म्हणे, मला कोणी विचारलें नाहीं आणि मी कोठें सही करणार नाहीं. तलाठ्यांनीं त्या कागदावरून फेरफार धरण्यास नकार दिलेला. गृहस्थांनीं कागद आमच्यापुढें पसरला, शिक्क्यावर बोट ठेविलें आणि विचारलें, “भाऊसाहेब, मग हा शिक्का कशाचा?”

प्रश्न अगदीं रास्त होता. शिक्का कशाचा, हेंच आधीं पाहूं.

नोटरीस शासनाच्या मराठींत लेख्यप्रमाणक म्हणतात. एके काळीं आपल्या देशांत काम करणाऱ्या नोटरींची नेमणूक विलायतेंतील कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या अखत्यारांतील ‘मास्टर ऑफ फॅकल्टीज’ नांवाच्या अधिकाऱ्याकडून होत असे. व्यापाऱ्यांच्या विनिमयपत्रांचा नकार नोंदविणें हें त्या नोटरींचें मोठें काम. शेतकऱ्याचा त्यांच्याशीं संबंध क्वचितच येई. स्वातंत्र्यानंतर ही परावलंबी व्यवस्था शोभेना, म्हणून १९५२ सालीं नोटरी अधिनियम झाला, तो १९५६ सालीं अंमलांत आला, आणि त्याच सालीं नियमही झाले. सामान्यतः दहा वर्षें वकिली केलेल्या इसमास केंद्र वा राज्य सरकार नोटरी नेमतें व व्यवसायाचें प्रमाणपत्र देतें. अधिनियमाच्या आठव्या कलमांत नोटरीचीं कामें सांगितलीं आहेत. दस्तऐवज कोणी केला हें पडताळून तो साक्षांकित करणें, शपथ देणें, प्रतिज्ञापत्र घेणें, भाषांतर तपासून प्रमाणित करणें, हीं त्यांतील आपल्या नित्य उपयोगाचीं.

आतां साक्षांकित करणें म्हणजे काय? ज्याचें नांव कागदावर आहे तोच इसम समोर उभा आहे, त्यानें समक्ष सही अथवा अंगठा केला, आणि हें अमुक दिवशीं झालें, एवढ्याची ती ग्वाही आहे. एवढ्या ग्वाहीसाठीं नियमांनीं नोटरीवर कांहीं बंधनें घातलेलीं आहेत, तीं प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असावींत. नोटरीनें ठरलेल्या नमुन्याची नोंदवही ठेविली पाहिजे आणि प्रत्येक कामाची नोंद तींत केली पाहिजे. घेतलेल्या फीची पावती दिली पाहिजे. त्याचा शिक्का पांच सेंटिमीटर व्यासाचा साधा गोल असावा, आणि त्यावर त्याचें नांव, नेमणुकीचें क्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द व नेमणाऱ्या सरकारचें नांव असावें. शिक्का फिकट उठला, क्रमांक लागला नाहीं, तर तेथल्या तेथें पुन्हा उठवून मागावा. वर्षानुवर्षांनीं कोर्टांत तो क्रमांक वाचण्याची पाळी येते तेव्हां भिंगानेंही तो दिसत नाहीं, असे कागद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

सही करणारा हजर नसतां कोणी आणून दिलेल्या कागदावर शिक्का मारणें हा नोटरीचा मोठा दोष होय. चौकशींत गैरवर्तणूक शाबीत झाली आणि ती त्या पदास अयोग्य ठरविण्याइतकी असली तर त्याचें नांव नोंदपटावरून कमी होऊं शकतें. तक्रार नियमांत सांगितलेल्या नमुन्यांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावी लागते. नोटरीनें नोटरी या नात्यानें केलेल्या गुन्ह्याची दखल मात्र सरकारनें अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवांचून न्यायालय घेत नाहीं. ज्यांस आपला नोटरीनें घात केला असें वाटतें, ते थेट फौजदारीच्या मागें लागून वर्षें घालवितात, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

याखेरीज चांगल्या नोटरीकडून आणखी दोन अपेक्षा आम्ही बाळगतों. एक, निरक्षर इसमास सबंध मजकूर त्याच्या बोलींत वाचून दाखवावा, आणि वाचून दाखविल्याचें खालीं लिहावें. दुसरी, जमिनीचा करार समोर आल्यास सातबारा मागवून ‘इतर अधिकार’ या रकान्यावर नजर टाकावी, व तेथें बंधनाचा शेरा असेल तर, “हें काम माझें नव्हे, आधीं तहसीलदारांकडे आणि मग दुय्यम निबंधकांकडे जा,” असें स्पष्ट सांगावें. असे नोटरी आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या मेजापाशीं गर्दी कमी असते.

परंतु हें सर्व यथासांग झालें तरी त्या शिक्क्यानें जमीन एकाची दुसऱ्याची होत नाहीं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा आहे. त्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या दस्तानेंच होते, आणि नुसत्या विक्रीच्या करारानें जमिनींत कसलाही हक्क उत्पन्न होत नाहीं. नोंदणी अधिनियम १९०८ चा. त्याच्या १७ व्या कलमानें असे दस्त नोंदणें सक्तीचें केलें आहे, आणि ४९ व्या कलमाप्रमाणें न नोंदलेल्या दस्तानें जमिनीवर कांहींही परिणाम होत नाहीं. ५० वें कलम तर याहून कडक आहे. एकाच जमिनीचा आधीं केलेला पण न नोंदलेला कागद आणि मागाहून केलेला नोंदलेला दस्त यांची गांठ पडली तर सामान्यतः नोंदलेला दस्त वरचढ ठरतो. म्हणजे नोटरीच्या कागदावर विसंबून बसलेल्या खरेदीदाराच्या डोळ्यांदेखत तीच जमीन दुसऱ्यास नोंदणीनें विकली गेल्यास त्याच्या हातीं कागदच राहतो. दस्त लिहून झाल्यावर चार महिन्यांच्या आंत नोंदणीसाठीं हजर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून संधि मिळूं शकते, पुढें नाहीं. मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र अशी त्रिकूट खतें करून जमिनी विकण्याची जी चाल सर्वत्र पडली होती, तीस सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं, अशा कागदांनीं मालकी जात नाहीं असें स्पष्ट सांगून, पायबंद घातला.

येथें गोमंतकाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण आपल्यांपैकीं कित्येकांचे सोयरे तिकडे आहेत आणि तिकडील पद्धत ऐकून इकडे घोटाळा होतो. पोर्तुगीज अमदानींत तेथील नोटरी हा सरकारी अधिकारी असे, व त्याच्या वहींत लिहिलेला लेख हाच व्यवहाराचा मूळ दस्त मानला जाई. आजही वारसनिश्चितीचे लेख तेथें २०१२ च्या कायद्याखालील विशेष नोटरीपुढें होतात. तो नोटरी निराळा आणि आपल्या तालुक्यांतील नोटरी निराळा. नांव एक म्हणून अधिकार एक होत नाहीं.

आतां कुळकायद्याकडे वळूं. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ सालचा. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश व कोंकण या भागांस तो लागू आहे. विदर्भासाठीं १९५८ चा आणि मराठवाड्यासाठीं १९५० चा हैदराबादचा असे वेगळे अधिनियम आहेत, व त्यांचीं कलमें वेगळीं आहेत. पहिल्या अधिनियमानें कुळास संरक्षण दिलें खरें, परंतु कुळानें आपण होऊन जमीन सोडली तर काय, ही फट राहिली. त्या फटींतून किती जमिनी निसटल्या याची पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे श्री. दांडेकर व श्री. खुदनपूर यांनीं केली. तिचा अहवाल १९५७ सालीं निघाला. ‘राजीखुशीचे राजीनामे’ या नांवाखालीं काय घडत होतें हें त्यांत पाहावयास मिळतें. जमीनमालक सावकारही असला, कुळाच्या घरीं लग्न निघालेलें असलें, म्हणजे राजीखुशी किती राजी व किती खुशी असते हें खेड्यांत राहणाऱ्यास सांगावयास नको.

म्हणूनच कायद्याच्या १५ व्या कलमांत अशी अट आहे कीं कुळानें हक्क सोडावयाचा तर तो लेखी सोडावा, आणि तें लेखी मामलतदारांपुढें विहित रीतीनें पडताळलें जावें. नियमांप्रमाणें मामलतदारांनीं चौकशी करून, या राजीनाम्याचें स्वरूप व परिणाम कुळास समजले आहेत आणि तो स्वेच्छेनें देत आहे, अशी आपली खात्री करून घ्यावयाची व तसा शेरा त्या कागदावर लिहावयाचा. १९७५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही पडताळणी सक्तीची असल्याचा निर्णय दिला. तिच्यावांचून राजीनामा निरुपयोगी. वाचकांनीं येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. नोटरी विचारतो, “सही तुझीच ना?” मामलतदारांनीं विचारावयाचें असतें, “सही कां करतोस, आणि केल्यावर तुझें काय जाईल हें तुला कळतें ना?” दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्यानें नोटरीस दिलेलाच नाहीं, मग त्याच्या शिक्क्यानें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कसें मिळावें?

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशीं कसणारीं कुळें कायद्यानें जमिनीचीं खरेदीदार मानलीं गेलीं. तेव्हां राजीनाम्याचा प्रश्न आतां उरला कोठें, असें कोणी म्हणेल. तो उरला आहे. जमीनमालक विधवा, अज्ञान अथवा शरीरानें वा मनानें अपंग असेल तेथें कुळाची खरेदी लांबणीवर पडलेली असते, आणि अशा जमिनींवर अजूनही कुळांचीं नांवें आहेत. मालकांच्या वारसांस आमचें सांगणें असें कीं नोटरीपुढें कुळाकडून ‘हक्क सोडला, ताबा दिला’ असें लिहून घेऊन त्यास पैसे देऊं नयेत; ते पैसे पाण्यांत गेले समजा. ताबाही मालकानें मामलतदारांच्या हुकुमावांचून परस्पर घ्यावयाचा नाहीं, असें २९ वें कलम सांगतें. आणि कुळांच्या वारसांस सांगणें असें कीं लांबणीची मुदत संपतांच खरेदीची नोटीस वेळेवर देण्याचें काम तुमचें आहे, तें दुसरा कोणी करणार नाहीं.

ज्यांच्या खरेद्या पुऱ्या झाल्या त्यांची गोष्ट निराळी. शेतजमीन न्यायाधिकरणानें किंमत ठरविली. कायम नसलेल्या कुळांस ती आकाराच्या वीसपट ते दोनशेंपटीच्या दरम्यान पडली, हप्त्यांनीं भरण्याची सोय होती, आणि पूर्ण भरल्यावर ३२-म कलमाचें प्रमाणपत्र मिळालें. हें प्रमाणपत्र खरेदीचा निर्णायक पुरावा होय. घरांतील पेटींत तें आहे कीं नाहीं हें प्रत्येकानें एकदां पाहून ठेवावें. पुष्कळांच्या घरीं आजोबांनीं हप्ते भरले, पण प्रमाणपत्र कचेरींतून आणलेंच नाहीं.

अशा जमिनीवर ४३ व्या कलमाचें बंधन असतें. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवांचून ती विकतां, बक्षीस देतां, गहाण ठेवतां, पट्ट्यानें देतां येत नाहीं. वाटणीदेखील करतां येत नाहीं, ही गोष्ट भाऊभाऊ नोटरीपुढें वाटणीपत्र करतांना विसरतात. आणि नुसती विक्रीच नव्हे, विक्रीचा करारसुद्धां या कलमाविरुद्ध असेल तर अवैध ठरतो. अवैध हस्तांतराची चौकशी ८४-क कलमाखालीं होते, व जमीन दोघांच्याही हातची जाण्याचा प्रसंग येतो.

तथापि २०१४ सालीं या कलमांत जी सुधारणा झाली ती अजून कित्येकांच्या कानीं गेलेली नाहीं. खरेदीपासून दहा वर्षें लोटलीं असतील तर आतां परवानगीची गरज नाहीं. अटी आहेत त्या अशा कीं विकणाऱ्यानें विक्रीपूर्वीं आकाराच्या चाळीसपट नजराणा सरकारांत भरावा, घेणारा शेतकरी असावा, त्याची जमीन १९६१ च्या कमाल धारणेच्या कायद्याची मर्यादा ओलांडीत नसावी, आणि १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याचा भंग होऊं नये. आकार तो किती? ज्या गटाचा आकार चार रुपये वीस पैसे, त्याचा नजराणा एकशें अडुसष्ट रुपये. लाखोंची जमीन असतां एवढ्या रकमेचें चलन चुकवून नोटरीच्या वाटेनें जाणारे लोक आजही आहेत, आणि त्यांस ती वाट दाखविणारे दलालही.

उभय पक्षांच्या कर्तव्यांविषयीं कायदा थोडक्यांत असें सांगतो: विकणाऱ्यानें हक्कांतील जो दोष आपणांस माहीत आहे आणि घेणाऱ्यास सहज कळण्यासारखा नाहीं तो उघड करावा, आणि मागितल्यास कागदपत्र दाखवावेत. घेणाऱ्यानें काय करावें हें आम्ही अनुभवावरून सांगतों. चालू सातबारा तर पाहावाच, परंतु त्यावर लिहिलेल्या प्रत्येक फेरफाराच्या क्रमांकाची नक्कल काढावी. कुळकायद्याची सारी कथा फेरफारांत असते, सातबाऱ्यावर तिचा एका ओळीचा शेरा राहतो, आणि कधीं कधीं पुनर्लेखनांत तो शेराही गळतो. शेरा गळला म्हणून बंधन गळत नाहीं. गांव नमुना १-क पाहावा. आणि सर्व वारस मोजावे. लेकी, सुना, दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या बहिणी यांसह. वंशावळींतून मुलीचें नांव वगळण्याची आपल्याकडील खोड हीच पुढील निम्म्या दाव्यांची जननी आहे, असें आमचें मत आहे, मग तें कोणास रुचो वा न रुचो.

मुखत्यारपत्राविषयीं एक सूचना करून पुढें जाऊं. मुंबईंत राहणारा भाऊ नोटरीपुढें मुखत्यारपत्र करून गांवच्या भावास पाठवितो, आणि त्या आधारें दस्त नोंदावयास गेलें असतां काम अडतें. दुसऱ्यानें केलेला दस्त नोंदणीसाठीं हजर करण्याचें मुखत्यारपत्र, करून देणारा देशांतच राहत असेल तर, निबंधक वा दुय्यम निबंधक यांच्यापुढेंच झालेलें असलें पाहिजे. तो परदेशीं असेल तरच तेथील नोटरी अथवा भारतीय वकिलातीपुढें केलेलें चालतें.

नोंदलेला दस्त झाल्यावर त्याची वर्दी निबंधकांकडून महसूल खात्यास जाते, फेरफार धरला जातो, नोटिसा निघतात, आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. नोटरीच्या कागदास ही वाट मोकळी नाहीं. तलाठी नोंद नाकारतो तेव्हां तो पैसे मागतो असा बोभाटा होतो. कधीं तो खराही असेल. परंतु या एका बाबतींत त्यानें नोंद केली तरच दोष त्याचा.

आतां त्या गृहस्थांकडे येऊं. आम्ही त्यांस जें सांगितलें तें असें. करार करून घेण्याचा दावा तीन वर्षांच्या मुदतींत लावावा लागतो, ती मुदत नकार कळल्यापासून मोजली तरी मूळ करार परवानगीवांचून झालेला, म्हणून त्याचा पायाच कच्चा. उत्तम मार्ग म्हणजे तिन्ही वारसांकडून नवा दस्त नोंदवून घेणें. दहा वर्षें केव्हांच उलटलीं होतीं, तेव्हां नजराणा भरून तें होण्यासारखें होतें. त्यांनीं कागद पुन्हा पिशवींत घातला. “म्हणजे त्या पोरीच्या दारांत जावें लागणार,” एवढेंच ते बोलले.

पुढल्या वर्षीं ज्येष्ठांत ते नोंदलेला दस्त घेऊन आले. खालीं तिन्ही भावंडांच्या सह्या होत्या. नजराण्याचें चलन सोबत जोडलें होतें, एकशें अडुसष्ट रुपयांचें. मुलीस त्यांनीं काय दिलें हें आम्ही विचारलें नाहीं. परंतु बरोबर आलेल्या त्यांच्या मुलानें बाहेर उभ्या असलेल्या माणसास सांगतांना आमच्या कानीं आलें कीं बैलजोडी आणि आईच्या पाटल्या दोन्ही गेल्या.